खेळणं वेगळं, खेळवणं वेगळं : शारीरिक शिक्षण आणि क्रीडा व्यवस्थापनात नेमकं शिकवतात काय?

जून महिन्यात कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसलं की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या हंगामात काटोलकडचे एक बाबा पोरीला घेऊन आले. पोरगी बारावी कॉमर्स झालेली, 800 मीटर धावणारी, जिल्ह्यापर्यंत खेळून आलेली. बाबांनी पिशवीतून प्रमाणपत्रांची फाइल काढून टेबलावर ठेवली आणि ती न उघडताच विचारलं, "सर, पोरगी चांगली धावते, ते मालूम आहे. पण कॉलेजात धावणं शिकून करन काय? धावणं तर तिले येतेच."

प्रश्न अगदी बरोबर होता. धावता येणाऱ्या मुलीला तीन वर्षं धावणंच शिकवायचं असेल तर फी भरायची कशाला? मी त्यांना बसवून घेतलं, चहा मागवला आणि अर्धा तास बोललो. तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण नागपुरात हा प्रश्न आता घरोघरी निघतोय. 2025 च्या मार्चमध्ये विदर्भानं जामठ्याच्या मैदानावर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच वर्षी जुलैत आपली दिव्या देशमुख 19 व्या वर्षी जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरलं. खेळात 'करिअर' असतं, ही गोष्ट आईवडिलांच्या कानावर आली. पण तिच्यासोबत बी.पी.ई.एस., बी.पी.एड., एनआयएस, स्पोर्ट्स मॅनेजमेंट अशी आद्याक्षरंही आली आणि त्यांचा उलगडा मात्र कुणी करून देत नाही.

बाग एक, माणसं चार

आधी चार शब्द वेगळे करून घेऊ. सगळा घोळ तिथंच आहे.

संत्र्याची बाग डोळ्यांपुढे आणा. झाड म्हणजे खेळाडू. झाडाला रोज बघणारा, कोणत्या फांदीला काय झालंय हे ओळखणारा माळी म्हणजे प्रशिक्षक, म्हणजेच कोच. मातीचा नमुना तपासून कुठं काय कमी आहे ते सांगणारा म्हणजे क्रीडाविज्ञानाचा माणूस. त्याला स्नायू, हृदय, आहार, मन यांचं शास्त्र कळतं. माल वेळेत तोडून, पेट्या भरून, गाडी लावून कळमना मार्केटात पोहोचवणारा आणि हिशेब चुकता करणारा म्हणजे क्रीडा व्यवस्थापक.

मग शारीरिक शिक्षण कुठं बसतं? ते या बागेत बसतच नाही. गावातल्या प्रत्येक घराच्या परसात एक तरी झाड लागावं म्हणून धडपडणारा माणूस म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. साठ मुलांच्या वर्गात शाळेच्या संघात खेळणारी चार असतात. कोच त्या चौघांसाठी असतो. पी.टी.चे सर उरलेल्या छप्पन्नांसाठीही असतात. जाड मुलगा, चष्म्याची मुलगी, दम लागणारं पोरगं, पाळी आली म्हणून कोपऱ्यात बसलेली सातवीतली पोर, या सगळ्यांच्या शरीराला हालचालीची गोडी लावणं हे त्यांचं काम. चार जणांना पदक मिळालं आणि छप्पन्न जण भिंतीला टेकून बसले, तर मी तरी त्याला शारीरिक शिक्षण म्हणणार नाही.

या चारही कामांत एक गोष्ट सारखी आहे. खेळणारे आपण नसतो, दुसऱ्याला खेळवायचं असतं. नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेता झाला, अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेऊन. पण त्याचा सराव चालायचा साताऱ्यात. गुण नागपूरच्या पोरात होता, खेळवणारा मात्र साताऱ्यात भेटला. आपल्या भागात कमतरता कशाची आहे, ते यातून कळतं.

सुरुवात चुन्याच्या घमेल्यापासून होते

पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना वाटतं, आता धावायला सांगतील. आम्ही त्यांना टेप, सुतळी, खुंट्या आणि चुन्याचं घमेलं देतो. मैदान आखा म्हणतो.

पहिली अडचण काटकोनाची. मैदानावर गुण्या चालत नाही. मग एका खुंटीपासून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजायचे आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर 5 मीटर येईपर्यंत सुतळी सरकवायची. 5 आलं की कोपरा काटकोनात. शाळेत ज्या पायथागोरसनं रडवलं, तो इथं चुन्याने माखलेल्या हातात सापडतो. खो-खोचं मैदान असो की कबड्डीचं, आधी हा कोपरा.

मग 400 मीटरचा ट्रॅक. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल, 400 मीटरच्या शर्यतीत सगळे एका रेषेत उभे नसतात. बाहेरच्या पट्ट्यातला धावपटू पुढे उभा असतो. त्याला सूट दिलीय का? नाही. वळणावर बाहेरचं वर्तुळ मोठं असतं, तेवढं अंतर आधीच वजा करून दिलेलं असतं. प्रमाणित ट्रॅकवर वळणाची त्रिज्या 36.50 मीटर, सरळ बाजू 84.39 मीटर आणि एक पट्टा 1.22 मीटर रुंद. या मापांवरून हिशेब केला तर दुसऱ्या पट्ट्यातल्या धावपटूला 7.04 मीटर पुढे उभं करावं लागतं आणि त्यापुढच्या प्रत्येक पट्ट्याला साधारण 7.66 मीटरची भर पडत जाते. पहिल्या पट्ट्यात अंतर आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून मोजतात आणि बाकीच्यांत रेषेपासून 20 सेंटिमीटरवरून. पहिला आकडा थोडा लहान येतो तो त्यामुळे.

एवढं काटेकोर कशाला? 400 मीटर 60 सेकंदांत धावणारी मुलगी एका सेकंदात साडेसहा मीटरच्या वर जाते. आखणीत एक मीटर चुकला तर तिचं पंधरा शतांश सेकंदांचं नुकसान होतं. तिसरी आणि चौथी यांच्यात कित्येकदा एवढाच फरक असतो. तिनं वर्षभर पहाटे उठून कमावलेलं, आणि चुन्याची रेघ मारणाऱ्यानं अर्ध्या मिनिटात घालवलेलं. मुलांना हे पहिल्याच आठवड्यात कळावं असं मला मनापासून वाटतं.

ताण आणि पाणी

आता शास्त्राकडे येऊ. ज्यांच्या घरी संत्र्याची झाडं आहेत त्यांना हा भाग माझ्यापेक्षा लवकर समजेल.

बहार धरायचा असला की शेतकरी झाडाचं पाणी तोडतो. त्याला 'ताण देणं' म्हणतात. झाड मलूल होतं, पानं गळायला लागतात. मग योग्य वेळी खत आणि पाणी दिलं की झाड फुलानं भरून जातं. ताण दिलाच नाही तर झाड नुसतं पानांनी हिरवंगार राहतं, पण बहार नीट फुटत नाही. ताण जास्त झाला तर झाडच जातं. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. शेजाऱ्यानं इतके दिवस दिला म्हणून आपणही तितकाच द्यायचा, असं चालत नाही.

खेळाडूचं शरीर थोडंफार असंच वागतं. सराव हा ताण. सरावानं शरीर त्या दिवशी बळकट होत नाही, उलट थकतं. स्नायूंत सूक्ष्म इजा होते, साठवलेली साखर संपते. बळ येतं ते नंतर, जेवणात, झोपेत, विश्रांतीच्या दिवशी. शरीर झालेली झीज भरून काढतं आणि पुढच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून थोडी जास्तच भर घालून ठेवतं. पुढचा ताण त्या भरीवर पडला तर प्रगती होते. शरीर भरून यायच्या आतच दुसरा ताण, तिसरा ताण देत गेलं तर पोरगं उतरणीला लागतं. वेळ वाढते, झोप जाते, चिडचिड होते, गुडघा दुखतो.

आपल्याकडे बहुतेक चुका इथं होतात. मी खेळायचो तेव्हा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडून दुप्पट मेहनत करून घेतली जायची, 'आता कस लागला पाहिजे' म्हणून. स्पर्धेच्या दिवशी पाय लाकडासारखे व्हायचे. घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, माया होती, पण शास्त्र शिकलेलं नव्हतं. वर्षाचं नियोजन कसं करायचं, कोणत्या महिन्यात पाया घालायचा, कधी वेग वाढवायचा, कधी हात आखडता घ्यायचा हे शिकवणारा विषय अभ्यासक्रमात असतो. त्याला क्रीडाप्रशिक्षणशास्त्र म्हणतात. तो नीट शिकलेला माणूस एखाद्या पोराची पाच वर्षं वाचवू शकतो.

नागपूरचा घाम दिसत नाही

दुसरं उदाहरण उन्हाचं. मुंबईत घाम अंगावरून निथळतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पण हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं दिसतं म्हणून मुलांना वाटतं, आपल्याला घाम आलाच नाही, पाणी कशाला प्यायचं?

यावर उपाय साधा आहे. मैदानाच्या कडेला एक वजनकाटा ठेवायचा. सरावाआधी वजन, सरावानंतर वजन. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. 50 किलोच्या मुलीचं एक किलो म्हणजे वजनाच्या 2 टक्के, आणि एवढं पाणी गेलं की दमसास आणि लक्ष दोन्ही घटायला लागतात. मुलांना भाषण देऊन पटत नाही, काट्यावर उभं केलं की पटतं. एका मुलानं आकडा बघून काटाच बिघडलाय म्हटलं होतं. दुसऱ्या काट्यावर तोच आकडा आला तेव्हापासून त्याची बाटली रोज भरलेली असते.

बाहेरून थंड प्रदेशातून आलेल्या संघाला इथल्या उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. म्हणून पहिल्या दिवशीच पूर्ण सराव द्यायचा नसतो. उष्माघात झालेल्या पोराला आधी सावलीत नेऊन, अंग ओलं करून, वारा घालून थंड करायचं आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला झोपेतही आठवलं पाहिजे. शरीरक्रियाशास्त्र, प्रथमोपचार, आहार हे विषय परीक्षेपुरते आहेत असं समजणाऱ्याच्या हाती पोरं सोपवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग व्यवस्थापन म्हणजे काय? मंडप बांधणं?

पुष्कळांना तसंच वाटतं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. लग्नघरात पाहुण्यांना फक्त पंगत दिसते. आचारी किती वाजता आला, पाण्याचे कॅन कुणी मोजले, दिवे गेले तर जनरेटर कुठं आहे, हे घरच्या एका माणसालाच माहीत असतं. स्पर्धेत तो माणूस म्हणजे व्यवस्थापक. फरक एवढाच, की इथं नियमही सांभाळायचे असतात आणि हरलेल्यालाही न्याय मिळाला असं वाटलं पाहिजे.

एक छोटा हिशेब करून बघा. तालुक्याची खो-खो स्पर्धा आहे, 21 शाळांचे संघ आलेत. मैदान एकच, दिवसाला 8 सामने होऊ शकतात. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं म्हटलं, म्हणजे साखळी पद्धत, तर 210 सामने होतात. तीन आठवड्यांच्या वर काम. म्हणून बाद पद्धत घ्यायची. त्यात सामने किती? कागद न घेता सांगता येतं. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो. विजेता एक राहायला 20 संघ बाहेर गेले पाहिजेत. म्हणजे सामने 20. अडीच दिवसांत स्पर्धा आटोपते.

पण 21 ही संख्या दोनदोनच्या जोड्यांत शेवटपर्यंत नीट बसत नाही. 2, 4, 8, 16, 32 या क्रमातली पुढची संख्या 32. त्यातून 21 वजा केले की 11. म्हणजे 11 संघांना पहिल्या फेरीत 'पुढे चाल' द्यावी लागते, ते न खेळताच दुसऱ्या फेरीत जातात. ती कुणाला द्यायची? इथंच भांडणं होतात. मागच्या वर्षीचे तगडे संघ वेगवेगळ्या भागांत टाकायचे, म्हणजे ते पहिल्याच दिवशी एकमेकांसमोर येत नाहीत, आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढायच्या. चिठ्ठ्या बंद खोलीत निघाल्या तर त्या कितीही प्रामाणिक असल्या तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

मोठ्या पातळीवर हेच काम किती पसरतं ते जामठ्याला सामना असला की वर्धा रोडवर दिसतं. तिकिटं, प्रवेशद्वारं, पार्किंग, पोलीस, रुग्णवाहिका, प्रायोजकांचे फलक, प्रक्षेपणाच्या गाड्या, खेळाडूंचं जेवण. आणि मैदान. 23 सप्टेंबर 2022 ला भारत आणि ऑस्ट्रेलियाचा टी-20 सामना आठवा. आधीच्या पावसानं मैदान ओलं होतं. सामना उशिरा सुरू झाला आणि प्रत्येकी 8 षटकांचाच झाला. गवताखालून पाणी किती वेगानं निचरतं, मैदान कधी झाकायचं, पंचांना काय आणि कधी सांगायचं, थांबलेल्या प्रेक्षकांना माहिती कशी द्यायची, हे सगळं क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासात येतं. 2008 मध्ये आयपीएल आणि 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर या कामाला मोल आलं. 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात खेळांच्या संघटनांची मान्यता, निवडणुका, खेळाडूंची समिती, तंट्यांसाठी न्यायाधिकरण अशा तरतुदी आहेत. वहीत हिशेब आणि तोंडी कारभार यांवर चाललेल्या संघटनांना आता कागदपत्रं नीट ठेवणारी माणसं लागणार.

आद्याक्षरांचा उलगडा

बी.पी.ई.एस. म्हणजे बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन अँड स्पोर्ट्स, ही बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी. कोणत्याही शाखेचं मूल येऊ शकतं. शरीरशास्त्रापासून स्पर्धा आयोजनापर्यंत सगळ्याची ओळख होते, पण शाळेत शिक्षक व्हायला ती एकटी पुरत नाही.

शाळेत शिकवायचं तर बी.पी.एड., म्हणजे बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन, लागतं. पदवीनंतरची दोन वर्षं, चार सत्रं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता इथं सक्तीची आहे. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटीतून होतो, आणि ही सीईटी नुसती लेखी नसते, मैदानी चाचणीही द्यावी लागते. वर्गातल्या विषयांसोबत मुलांना खऱ्या शाळांत जाऊन पाठ घ्यावे लागतात. लेझीम, डंबेल्स, मल्लखांब, योगासनं, मैदानी खेळ सगळं करावं आणि शिकवावं लागतं. त्यापुढचं एम.पी.एड. कॉलेज पातळीसाठी.

एनआयएस हे वेगळं प्रकरण. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका ही एकाच खेळाच्या प्रशिक्षकासाठी असते. कबड्डीचा कोच व्हायचं असेल तर तिकडं बघा. शाळेच्या नोकरीसाठी ती बी.पी.एड.ची जागा घेत नाही आणि बी.पी.एड. तिची जागा घेत नाही.

क्रीडा व्यवस्थापन बहुधा बी.बी.ए., एम.बी.ए. किंवा पदविका म्हणून शिकवतात. बी.बी.ए. अभ्यासक्रम 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेत, तेव्हा तिथं त्या मान्यतेची विचारणा करायची.

आणि हे सगळं नवं फॅड आहे असं समजू नका. मद्रासचं वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय 1920 चं. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था 1957 ची. आपल्या शेजारी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्यांच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. विदर्भाच्या मातीत हे शिक्षण शंभर वर्षांहून जुनं आहे.

"पण मी नॅशनल खेळलो नाही"

हा आक्षेप मुलं स्वतःच घेतात, मान खाली घालून. बी.पी.एड.साठी राष्ट्रीय पदक लागत नाही. पदवीला 50 टक्के आणि शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला मान्यताप्राप्त सहभाग हा एक मार्ग आहे. ज्यांनी पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय घेतला किंवा जे वरच्या पातळीवर खेळले, त्यांना टक्क्यांची अट थोडी सैल आहे. मोठ्या खेळाडूला आपल्याला जे सहज येतं ते दुसऱ्याला का जमत नाही हेच कधीकधी कळत नाही. अडखळत शिकलेला माणूस पायऱ्या दाखवू शकतो. माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी-शिक्षक बहुतेक दुसऱ्या फळीतले खेळाडू होते.

मात्र शरीराला सुट्टी नाही. वरिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा यांच्या जोडीला शारीरिक क्षमता चाचणीही आहे. तिशीपर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर, म्हणजे 400 च्या ट्रॅकच्या साडेचार फेऱ्या. त्याच वयाच्या महिलांसाठी 8 मिनिटांत 1000 मीटर. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी धावून दाखवावं लागतं असा दुसरा विषय मला ठाऊक नाही.

"नोकरी लागते का, ते सांगा"

इथं मी गोड बोलणार नाही. अनुदानित शाळांत पूर्णवेळ क्रीडाशिक्षकाची जागा सहज मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी जो निदेशक सांगितलाय तो अंशकालीन. सरकारी आणि अनुदानित भरती पवित्र पोर्टलवरून होते, तिची वाट बघण्यात वर्षं जातात. खासगी शाळांना शिक्षक लागतात, पण पगारात फार तफावत आहे. पदवी घेतली की नोकरी दारात उभी, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापुढे हात जोडा आणि निघा.

दुसऱ्या बाजूला कामाच्या वाटा पूर्वीपेक्षा नक्कीच वाढल्यात. खासगी अकादमी, व्यायामशाळा, लीगचे संघ, सामन्यांचं विश्लेषण, क्रीडा संकुलांची देखभाल, एमपीएससीतून क्रीडा अधिकारी. या वाटा थेट पदवीवर उघडत नाहीत. पदवीसोबत एखादं पक्कं कौशल्य लागतं : पंचाची परीक्षा, पोहण्यातली जीवरक्षकाची पात्रता, संगणकावर आकडेमोड, बरं इंग्रजी.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण या पदव्यांमुळे मिळत नाही. ते ठरावीक पातळीवर खेळून मिळवलेल्या कामगिरीवर असतं आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. पैसे देऊन प्रमाणपत्र काढून देतो म्हणणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादी लागलेल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्यात, गुन्हे दाखल झालेत.

"पोरीच्या जातीला हे झेपन का?"

काटोलच्या बाबांनी हेही विचारलं, आवाज खाली आणून. पोरगी बाहेर पाणी प्यायला गेली होती. मी म्हटलं, भाऊ, मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर शाळेला सोबत बाई लागतात, आणि त्या मिळत नाहीत म्हणून कित्येक मुलींच्या स्पर्धा बुडतात. आठवीतल्या मुलीला पोट दुखतं तेव्हा ती सरांना सांगत नाही, नुसती खेळायचं सोडते. मॅडम असल्या तर सांगते. तुमची पोरगी हे काम कुणाही पुरुषापेक्षा चांगलं करेल. ते काही बोलले नाहीत, पण फाइल उघडली. वरचंच प्रमाणपत्र ओल्या हातानं डागाळलेलं होतं, कडा मात्र चिकटपट्टीनं नीट बांधलेल्या.

पैसे भरायच्या आधी

मान्यतेचं पत्र बघायला मागा, चालू वर्षाचं. बी.पी.एड. असेल तर अध्यापक शिक्षण परिषदेचं, सोबत विद्यापीठाची संलग्नता. आपल्याकडे बहुतेक वेळा ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची असेल. जाहिरातीत 'पदवी' आणि कागदावर 'प्रमाणपत्र अभ्यासक्रम' असा प्रकार होतो, तेव्हा शेवटी हातात काय पडणार ते लेखी घ्या.

मग एक दिवस न सांगता सकाळी सहाला त्या कॉलेजात जा. ऑफिस बंदच असेल, ऑफिसात काही बघायचं नाही. ग्राउंडवर जा. आखणी ताजी आहे की मागच्या वर्षीची पुसट रेघ आहे ते बघा. मुलं किती आलीत, शिकवणारे स्वतः बुटात आहेत की चपलेत, मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का. मागच्या वर्षी पास झालेल्या दोघातिघांशी बोला, ते आता काय करतात विचारा. आणि मैदानावर जे कुणी शिकवत असतील त्यांना सहज विचारा, "सर, प्रथमोपचाराची पेटी कुठं असते?" त्यांनी लगेच बोट दाखवलं तर पेटी उघडून बघा, आतलं सामान मुदतीतलं आहे का. आणि ते किल्ली कुणाकडे आहे ते शोधायला लागले, तर फी भरू नका.